सांगलीच्या रविवारच्या शेतकरी बाजारात वर्षभर स्टॉल लावला, त्याचा रिव्ह्यू

ह्या बाजाराबद्दल आत्तापर्यंत जे काय वाचलं ते सगळं भाजी घ्यायला येणाऱ्यांनी लिहिलेलं, भाजी ताजी मिळते, गाडी लावायला जागा नाही, एवढंच. मी टेबलाच्या आतल्या बाजूनं लिहितेय. पलूसकडं आमची तीन एकर शेती आहे, २०२४ च्या दिवाळीनंतर म्हणजे नोव्हेंबरपासनं मी आणि आमच्या जाऊबाई दर रविवारी इथं स्टॉल लावतो. पहिल्या वर्षातल्या ५२ रविवारांपैकी ४६ लावले, तीन वेळा पावसानं बाजारच भरला नाही आणि तीन वेळा घरातली कार्यं निघाली. बाजाराचं आणि चालवणाऱ्या मंडळींचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण तक्रारीपण लिहिणार आहे आणि येत्या रविवारी मला तिथंच बसायचंय. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच, पण आधी चार कशाचे दिले ते नीट सांगते कारण आमच्या भागातल्या बऱ्याच जणी विचारतात की वहिनी आपणपण चालू करूया काय, परवडतंय काय.

परवडतंय. पण बाजार आहे म्हणून परवडत नाही, बाजाराच्या वाराला वाफा जुळवला तर परवडतंय, हे मला पहिल्या तीन महिन्यांत कुणी सांगितलं असतं तर लई नुकसान वाचलं असतं, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले.

आधी पैशाचं बोलू. वहीतला एक साधा रविवार घेते, सणबीण काही नसलेला. मेथी ९० जुड्या नेल्या, २० रुपयानं ७४ गेल्या म्हणजे १४८० झाले. कोथिंबीर ६० जुड्या १५ नं सगळ्या संपल्या, ९००. वांगी २८ किलो नेली, ६० नं २४ किलो गेली, १४४०. भेंडी १८ किलो ७० नं सगळी, १२६०. एकूण ५०८०. आता खर्च, टेंपो आम्ही तिघं शेतकरी मिळून करतो त्यात आमच्या वाट्याला ४००, स्टॉलचं भाडं २००, तोडायला शनिवारी दोन बायका लावल्या त्यांचे ६००, चहा-नाष्टा १००, पिशव्या ६०. म्हणजे १३६० गेले आणि ३७२० राहिले. हाच माल त्याच आठवड्यात सौद्याला, म्हणजे मार्केट यार्डातल्या घाऊक लिलावाला घातला असता तर मेथीला ८, कोथिंबिरीला ५, वांग्याला २५ आणि भेंडीला ३५ असा दर चालला होता, त्यानं २३५० ची पट्टी आली असती आणि तोडणीचे ६०० अन गाडीचे २५० वजा जाता हातात १५०० पडले असते. फरक २२२० चा. इथं बरेच जण थांबतात आणि म्हणतात बघा दुप्पट झाले. पण मी आणि जाऊबाई पहाटे साडेतीनला उठून दुपारी दोनला घरी येतो, आमची दोघींची हजेरी ५००-५०० धरली तर खरा फरक १२२० राहतो. आठवड्याला बाराशे, तेही सगळं नीट जमलं तर. मला हा आकडा कमी वाटत नाही, ऊसाचं बिल कधी येईल त्याची वाट न बघता घरातला किराणा, पोरांची फी, गॅस ह्यातनं निघतंय. फक्त कुणी लाखाच्या गोष्टी सांगत असेल तर त्याची वही बघायला मागा, त्यात स्वतःची मजुरी धरलीय का तेवढं बघा.

आता मेथीची गोष्ट. सुरुवातीला घरात ठरलं की विहिरीजवळचं २० गुंठं मोकळं करायचं. आण्णा, म्हणजे आमचे सासरे, तयार नव्हते. त्यांचं म्हणणं ऊस एकदा लावला की आडसालीला सोळा-अठरा महिनं फक्त पाणी आणि खत, मग टोळी येऊन तोडून नेतीय, माळव्याला म्हणजे भाजीपाल्याला रोज वाकायला लागतंय. त्यांचं काही चुकीचं नव्हतं, आणि आम्हीपण सगळा ऊस मोडा असं कधी म्हटलं नाही. वीस गुंठ्यावर तडजोड झाली. मग आम्ही काय केलं तर हौसेनं चार गुंठ्यात एकदम मेथी टाकली, दोन गुंठ्यात कोथिंबीर, आणि उरलेल्यात भेंडी अन वांगी. मेथी तिसाव्या दिवशी बघण्यासारखी आली, हिरवीगार, एवढी एवढी पानं. पण गुंठ्याला सव्वादोनशे जुड्या धरल्या तरी चार गुंठ्यात नऊशे जुड्या होतात आणि आमच्या स्टॉलवरनं एका रविवारी खपतात सत्तर-ऐंशी. पुढच्या रविवारपर्यंत थांबलो तर ती फुलावर जायला लागली, पानं कडू. सौद्याला घातली तर त्या आठवड्यात सगळ्यांचीच मेथी आलेली, तीन रुपये जुडी, त्यात तोडणाऱ्या बायकांची मजुरीपण निघेना. शेवटी निम्मी रानात गाडली. जाऊबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्यानंतर आमच्या ह्यांनी कॅलेंडर घेतलं आणि उलटं मोजायला बसले. आधी रविवार धरायचा आणि तिथनं मागं जायचं. मेथी २८ ते ३० दिवस, थंडीत चार दिवस जास्त. पालकाला महिना-सव्वा महिना. कोथिंबीर, शेपू, मुळा ह्यांना चाळीस-पंचेचाळीस धरायचे. बीट सत्तर दिवस. आणि स्टॉलवर ९० जुड्या लागतात म्हणजे अर्धा गुंठाच पेरायचा, पण दर आठवड्याला पेरायचा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, त्याचं अर्धं किती होतं ते रानात दोरी टाकून बघितलं तर एवढंसंच दिसतं, आण्णा म्हणाले हे काय पोरांचं खेळणं आहे काय. पण ह्या अर्ध्या गुंठ्यानंच आम्हाला वर्षभर तारलं. आता आमच्या मेथीच्या पट्ट्यात कायम चार-पाच वाफं वेगवेगळ्या वयाचं असतात, एक नुसतं उगवलेलं, एक बोटभर, एक तयार, आणि एक मोकळं करून शेणखत टाकलेलं. गुरुवारी पेरणी हा आमच्या घरात आता ठरलेला वारच झालाय.

भेंडीबद्दल वेगळं लिहायला पाहिजे कारण नवीन सगळे भेंडी लावतात. भेंडीला एकदा तोडा सुरू झाला की एक दिवसाआड तोडायलाच लागतीय, नाहीतर जून होते आणि झाडपण बसतं. म्हणजे आठवड्यात तीन-चार तोडं, आणि बाजार एकच. शनिवारचा तोडा तेवढा ७० नं जातो, बाकीचं सौद्याला मिळेल त्या दराला. गवारीचं, काकडीचं, दोडक्याचं थोड्याफार फरकानं हेच. त्यामुळं ज्यांच्याकडं आठवड्यातनं एकच बाजार आहे त्यांनी अशी पिकं लावायची तर दोन ओळी लावा, घरच्यापुरत्या आणि गिऱ्हाईक टिकवण्यापुरत्या. वांगं दोन-तीन दिवस झाडावर थांबतंय, म्हणून कृष्णाकाठच्या वांग्याला आम्ही जागा वाढवली. भोपळा, रताळी, बीट, कांदा, आलं ही तर आणखी सोयीची, नाही विकली तर परत घरी येतात, पुढच्या रविवारी टेबलावर. पालेभाजीला ती सवड नाही, तिचा रविवार गेला की ती गेली.

पालेभाजी काढायची पद्धत पण इथंच सांगते कारण गिऱ्हाईक आमच्याकडं परत का येतं ते त्यात आहे. शनिवारी दुपारी चारनंतर ऊन उतरलं की उपटायला सुरुवात, मुळाची माती विहिरीच्या पाण्यात धुवायची, जुड्या बांधून क्रेटमध्ये उभ्या ठेवायच्या, मुळं खाली, आणि वरनं ओलं किलतान म्हणजे गोणपाट टाकायचं. कोथिंबिरीच्या पानावर पाणी मारायचं नाही, मुळंच तेवढी ओली ठेवायची, पान ओलं राहिलं की रात्रीत पिवळं पडून चिकट होतं. हे आम्ही एक अख्खं क्रेट फेकून शिकलो. वांगी रविवारी पहाटे देठासकट कात्रीनं कापायची, ओढायची नाहीत. पाचला टेंपो निघतो, वाटेत बाकीच्या दोघांचा माल घेत सव्वासहापर्यंत सांगलीत.

आता खरं म्हणजे बाजाराच्या सोयीबद्दल. जागा चांगली आहे, वर पत्रा आहे, खाली फरशी, सहा फुटाचं टेबल त्यांचंच मिळतं. २०० रुपयात ह्यापेक्षा चांगलं कुठं मिळणार नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातनं बाहेर काढला, त्यामुळं शेतकऱ्यानं आवाराबाहेर थेट विकायला आता कुणी आडवं येत नाही, पण रस्त्याकडंला बसलं की सारखी उठवाउठवी, ट्रॅफिक, ऊन. इथं ती भीती नाही. नोंदणीला सातबारा, आधार आणि फोटो लागला. माझं नाव सातबाऱ्यावर नाही, आण्णांचं आणि ह्यांचं आहे, तर आण्णांचं संमतीपत्र लिहून दिलं आणि ते चाललं, कुणी फेऱ्या मारायला लावल्या नाहीत. ह्याच निमित्तानं घरात विषय निघाला आणि लक्ष्मी मुक्ती योजनेतनं नवऱ्याच्या हिश्श्यात बायकोचं नाव लावायचा अर्ज आता तलाठ्याकडं दिलाय, तो वेगळा आनंद.

गिऱ्हाईक म्हणाल तर हाच ह्या बाजाराचा सगळ्यात मोठा गुण आहे. सकाळी साडेसातपर्यंत चालायला येणारी मंडळी, नऊनंतर घरची माणसं घेऊन येणारे, अकरानंतर घासाघीस करणारे. एक रिटायर शिक्षिका आहेत, दर रविवारी बरोबर सव्वासातला कापडी पिशवी घेऊन येतात, भेंडीचं शेपूट मोडून बघतात, मोडलं तरच घेतात. आमच्या दुसऱ्याच रविवारी त्यांनी विचारलं, "चाकवत नाही का गं तुझ्याकडं?" मी म्हटलं, "नाही बाई, चाकवत कोण खातंय आता?" तर म्हणाल्या, "मी खाते की. ताकातला चाकवत करायचाय, महिना झाला शोधतेय." जाऊबाईंनी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. मग आम्ही सवयच लावली, जे जे कुणी मागितलं आणि आपल्याकडं नव्हतं ते लिहायचं. दोन महिन्यांनी ते पान बघितलं तर चाकवत अकरा जणांनी मागितला होता, अंबाडी सहा, करडईची भाजी नऊ, आणि ओली हळद चौदा. हे सगळं आमच्या रानात सहज येणारं, आणि आम्ही मेथी गाडत बसलो होतो. आज चाकवताच्या तीस जुड्या २५ रुपयानं जातात आणि त्याला दुसऱ्या स्टॉलची स्पर्धाच नाही. माझ्या मते बाजारात उतरणाऱ्यानं बियाणं आणायच्या आधी महिनाभर नुसतं गिऱ्हाईक म्हणून चार रविवार तिथं जाऊन उभं राहावं, लोक काय विचारून रिकामे परत जातात ते ऐकावं.

सणांचं गणित पण वहीमुळंच कळलं. २०२५ च्या जानेवारीत भोगी १३ तारखेला सोमवारी होती, आदला दिवस आमचा बाजाराचा. आम्ही शेजारच्या दोन स्टॉलवाल्यांशी बोलून एकत्र पिशवी केली, वांगी अन पावटा आमचा, गाजर अन वाटाणा एकाचं, हरभऱ्याचे घाटे अन बोरं दुसऱ्याची, ५० रुपयाला एक. भोगीची भाजी करायला सगळं थोडंथोडंच लागतं आणि पावपाव किलो सात ठिकाणी घेत कोण फिरणार. दहाच्या आत १४० पिशव्या गेल्या, ७००० रुपये, तिघांत मालाच्या हिशोबानं वाटून घेतले. तसंच गौरीचं. २०२५ ला ३१ ऑगस्टला गौरी आल्या तो रविवारच होता, आमच्याकडं आल्या दिवशी गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, शेपूला काय मागणी असते ते सांगायला नको. त्यासाठी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पेरणी पाहिजे, आणि त्या दिवसांत पाऊस असा की सपाट वाफ्यात पेरलेलं सगळं बसतं. आम्ही गादीवाफं म्हणजे मातीचे उंच वाफे करून वर दोन बोटं उंच पेरलं म्हणून वाचलं, सखल बाजूचं तरी गेलंच. पितृपक्षात गवार, भोपळा, कारली, आळू. श्रावणात तर काय न्याल ते खपतंय. ही तारखांची यादी आता आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटवलीय, पेरणीची तारीख लाल पेनानं.

पावसाळ्याबद्दल नदीकाठच्या लोकांना एक सांगायचंय, तुम्हाला माहितीच आहे पण तरी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, आणि २०१९ ला ते ५७ फुटांवर गेलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. ज्या रानात त्या वर्षी पाणी आलं तिथं जून ते सप्टेंबर माळवं धरू नका, ऊस दोनचार दिवस पाण्यात तग धरतो, भाजी एका रात्रीत कुजते. आमचं विहिरीजवळचं रान उंचावर आहे म्हणूनच ते निवडलं, नाहीतर खालचं रान जास्त कसदार होतं. आणि क्षारपडीचा अंदाज घ्या, आपल्याकडं वर्षानुवर्षं पाट पाणी सोडून मिरज, वाळवा, पलूस भागात बरीच रानं क्षारानं पांढरी पडलीत, तिथं पालेभाजीचं बी उगवतच नाही नीट. ठिबक आणि माती परीक्षण आधी, बाकी सगळं नंतर.

हळदीचं वेगळं. ओल्या हळदीला चौदा जणांनी विचारलं म्हटल्यावर आम्ही घरच्या दोन गुंठ्यातली थोडी ओलीच विकली आणि उरलेली शिजवून, वाळवून, पॉलिश करून दळून आणली. पाच किलो ओलीची साधारण एक किलो वाळकी होते, त्यामुळं दर ठरवताना हे धरा, नाहीतर ३०० रुपये किलो म्हणजे लई वाटतात आणि हातात काही राहत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण म्हणून आपण पाकिटावर मनानं जीआयचा शिक्का छापायचा नाही, त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायला लागते. शेतातला कच्चा माल शेतकऱ्यानं विकायला अन्नसुरक्षा कायद्याचं लायसन लागत नाही, पण दळलेली हळद, लोणचं, पापड, गुळाची पावडर असं काही पाकिटात भरलं की एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. छोट्यांसाठी तिची फी २०२५ ला वर्षाला १०० रुपये होती, नोंदणी ऑनलाइन होते, एवढ्यासाठी कुणा एजंटाला दीड-दोन हजार देऊ नका. पाकिटावर नोंदणी नंबर, वजन, पॅकिंगची तारीख, किंमत छापलेली पाहिजे. आमच्या स्टॉलवर पावसाळ्यातले मंदीचे रविवार हळदीच्या पाकिटांनीच सांभाळले, ती भिजत नाही, सुकत नाही, उरली तर तशीच परत येते.

काट्याचं पण राहिलं. इलेक्ट्रॉनिक काटा घेतला की काम झालं असं नाही, वैधमापन विभागाकडनं दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यायला लागतो, जुन्या तराजू-वजनांना तेच दोन वर्षांनी. बाजारवाले हे नोंदणीच्या वेळीच सांगतात आणि शिक्का बघतात, ह्याचं मला कौतुक आहे. एक आजोबा पहिल्यांदा आले तेव्हा काही न बोलता पिशवीतनं साखरेचा अर्धा किलोचा बंद पुडा काढून आमच्या काट्यावर ठेवला. ५०४ दाखवलं, कागदासकट. मान हलवली आणि दोन किलो वांगी घेतली. तेव्हापासनं दर रविवारी येतात, काटा परत कधी बघितला नाही.

आता तो कापलेला स्टार.

पहिली तक्रार बायकांच्या बाथरूमची. आम्ही पहाटे साडेतीनला उठलेल्या असतो, सव्वासहाला पोचतो, बारापर्यंत बसतो. २६ स्टॉलपैकी ११ बायकांचे. जवळचं सार्वजनिक स्वच्छतागृह सकाळी बंद. आम्ही चार महिनं सांगत होतो, दर वेळी बघू म्हणायचे. शेवटी सगळ्या जणी मिळून लेखी अर्ज दिला तेव्हा बाजूच्या हॉलमधलं उघडायची सोय केली, पण तो हॉल नऊला उघडतो. म्हणजे सहा ते नऊ काय करायचं? बाजूला घर असलेल्या एका गिऱ्हाईक ताई आम्हाला आत बोलावतात, त्यांचे उपकार. बायका सकाळी पाणी पीत नाहीत, भर उन्हाळ्यात पीत नाहीत, ही गोष्ट चालवणाऱ्यांना लहान वाटते आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. २०० ऐवजी २२० घ्या पण सहाला एक दार उघडा.

दुसरी, व्यापारी घुसलेत. सगळे नाही, तीन-चार. मे महिन्यात एका टेबलावर हिरवा वाटाणा "आमच्या रानातला" म्हणून विकत होते. सांगलीच्या मे महिन्यात कुणाच्या रानात वाटाणा येतो ते मला दाखवा. पहाटे मार्केट यार्डातनं माल उचलायचा आणि इथं शेतकरी म्हणून बसायचं, सातबारा मामाचा नाहीतर मेहुण्याचा. तक्रार केली तर उत्तर आलं की कागद पूर्ण आहेत. कागद पूर्ण असणारच. पण २०२१ पासनं ई-पीक पाहणी सुरू झालीय, कुठल्या गटात काय पीक आहे ते सातबाऱ्यावर चढतं, नोंदणीला नुसता मालकीचा कागद न बघता पिकाची नोंद बघितली आणि वर्षातनं एकदा रानात येऊन गेले तरी अर्धा प्रश्न सुटेल. आमच्या रानात तर कुणीही कधीही या, चहा मिळेल. गिऱ्हाईकाचा विश्वास एकदा गेला की तो सगळ्या २६ टेबलांवरनं जातो.

बारीकसारीक म्हणजे पिण्याच्या पाण्याची टाकी उन्हाळ्यात दहाला संपते, आणि मोबाईलची रेंज पत्र्याखाली जाते त्यामुळं पैसे गेले-आले कळत नाही, पैसे आले की बोलून सांगणारा साउंड बॉक्स घ्या आणि तरी शंभर-दीडशेची सुट्टी नाणी जवळ ठेवा.

ज्यांना पुढच्या हंगामात यायचंय त्यांनी लगेच स्टॉलसाठी नाव देऊ नका, आधी दोन महिन्यांचा माल वाफ्यात दिसू द्या. पहिल्या चार रविवारात टेबल रिकामं राहिलं की गिऱ्हाईक तुम्हाला विसरतं, आमच्या शेजारच्या एका पोराचं तसंच झालं, चांगला मुलगा, हौसेनं आला आणि तिसऱ्या रविवारी त्याच्याकडं फक्त टोमॅटो होते. तीन-चार घरांनी मिळून एक स्टॉल घेतला तर फारच सोपं जातं, एकाची पालेभाजी, एकाची फळभाजी, एकाची कडधान्यं, आणि बसायच्या पाळ्या लावता येतात, दर रविवारी तुम्हालाच पहाटे उठायला नको.

२०२६ च्या भोगीची तयारी आमच्याकडं आधीच चालू झाली होती. ती १३ जानेवारीला मंगळवारी येत होती आणि रविवार पडत होता ११ ला, म्हणजे दोन दिवस आधी. गाजर, पावटा टिकला असता पण घाटे आणि वांगी मंगळवारपर्यंत तेवढी टवटवीत राहिली नसती. म्हणून आम्ही अकरा जणींनी सह्या करून सोमवारी १२ तारखेला संध्याकाळी चार ते आठ जादा बाजार भरवा असं मागितलं होतं. पावटा तर लावून मोकळ्या झालो होतो, फुलावर आला होता, उत्तर मात्र हे लिहिलं तोवर आलेलं नव्हतं.